शकुंतलेचे इंजिन आणि बैलाच्या मानेवरचे जू

मुक्तागिरीच्या यात्रेला आज बहुतेक मंडळी अमरावतीहून मोटारीने जातात. परतवाडा जवळ आले की सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागते आणि थोड्याच वेळात पायथ्याच्या धर्मशाळेत सामान उतरते. आमच्या आधीच्या दोन पिढ्या मात्र या सिद्धक्षेत्राकडे निराळ्या वाटेने गेल्या. मुंबई-नागपूर मार्गावरील मूर्तिजापूर जंक्शनला मोठ्या गाडीतून उतरायचे, वळकटी आणि फराळाचा डबा सांभाळत पलीकडच्या फलाटावर जायचे आणि अडीच फुटी रुळांवर उभ्या असलेल्या लहानशा गाडीत जागा धरायची, असा तो क्रम होता. ही गाडी म्हणजे शकुंतला. तिची एक शाखा उत्तरेस दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला जाई. ती ७६ किलोमीटरांची. दुसरी दक्षिणेस कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला जाई. ती ११३ किलोमीटरांची. उत्तरेच्या टोकाशी मुक्तागिरी, दक्षिणेच्या वाटेवर कारंजा. वऱ्हाडातील जैन कुटुंबांना याहून सोयीची गाडी कोणी आखून दिली नसती; मात्र ती आखली गेली होती कापसासाठी.

गेल्या हिवाळ्यात मुक्तागिरीला जाताना मी मुद्दाम मूर्तिजापूरला थांबलो. या मार्गावर धावलेले एक इंजिन माझ्या मनात बरेच दिवस घर करून होते. झेडडी वर्गाचे हे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार झाले, १९२३ मध्ये येथे कामास लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. एकाहत्तर वर्षांची ही नोकरी होय. आमच्या पेढीवर आजोबा, वडील आणि मी अशा तीन पिढ्यांनी मिळून त्याला माल दिला. इतकी वर्षे ज्याने आपले ओझे वाहिले, त्याची आठवण एकदा नीट लिहून ठेवावी, असे वाटले. त्या आठवणीबरोबर आमच्या घरातील एक जुने देणेही निघाले. ते पुढे येईलच.

रूळ पडण्यापूर्वी

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापूस अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, एकाएकी सोन्याच्या मोलाचा झाला. अमेरिकेचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. पाठोपाठ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुख्य वाट वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या बाजारासाठी स्वतंत्र फाटा निघाला. परंतु मुख्य मार्गापासून दूर असलेली कारंजा, दारव्हा, यवतमाळ, दर्यापूर, अंजनगाव ही गावे पुढे कित्येक वर्षे बैलबंडीवरच अवलंबून राहिली.

कारंजा ते मूर्तिजापूर हे अंतर सुमारे दहा कोस. कोरड्या दिवसांत बंडी रात्री जुंपली तर सकाळी स्टेशनावर पोहोचे. पण कापसाच्या हंगामात अवकाळी पाऊस आला की काळी माती चाकाला लोण्यासारखी चिकटे, आऱ्या भरून जात आणि चाक फिरण्याऐवजी घसरत राही. भाव उतरण्यापूर्वी माल पोहोचवायचा म्हणून व्यापारी घाई करी, गाडीवान चार पैशांसाठी दोन मण अधिक भरी, आणि या दोघांच्या हिशेबाची बाकी बैलाच्या मानेवर निघे.

आपल्या शास्त्रकारांनी ही बाकी फार पूर्वी ओळखली होती. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणे, मारणे, अवयव कापणे आणि उपाशी ठेवणे यांच्या पंक्तीत शक्तीबाहेर ओझे लादणे बसवले आहे. लहानपणी पाठशाळेत आम्ही हे पाच शब्द तोंडपाठ म्हणत असू. त्यातील चौथ्या शब्दाचा अर्थ मला पंडितजींनी नव्हे, आजोबांनी समजावला.

आजोबा दहा-बारा वर्षांचे असताना, कारंजाला रूळ येण्यापूर्वी, वडिलांच्या मालाबरोबर मूर्तिजापूरकडे निघाले होते. वाटेत पाऊस लागला. सर्वांत पुढच्या बंडीचा उजवा बैल चिखलात गुडघ्यावर बसला. गाडीवानाने शेपटी पिरगाळली, तुतारी टोचली. बैल उठला नाही. ओझे उतरवा, असे म्हणण्याचे धैर्य त्या मुलाला झाले नाही, कारण उतरवलेला कापूस भिजला असता. पहाटेपर्यंत बैल गेला. मोठ्यांनी बंडी रिकामी करण्याची आज्ञा दिली ती त्यानंतर. आजोबांनी त्या बैलाच्या कानाशी वाकून णमोकार म्हटला. पण तो वेळेत पोहोचला की नाही, ही शंका त्यांना आयुष्यभर राहिली. हे सांगताना त्यांचा आवाज कधी चढत नसे. शेवटी एवढेच म्हणत, “कापूस वाळवता आला असता.”

इंजिनाचा दिवस

मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि त्याच दशकात या अरुंद मार्गावर गाड्या धावू लागल्या. गाड्या चालवण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे आणि पुढे १९५१ नंतर मध्य रेल्वेकडे आले. देशातील रेल्वे सरकारी झाली तरी या वाटेचे रूळ कंपनीच्याच मालकीचे राहिले.

मूर्तिजापुरात मला वाफेच्या इंजिनावर काम केलेले एक वृद्ध गृहस्थ भेटले. प्रथम खलाशी, मग फायरमन अशी त्यांची नोकरी झाली होती. मी इंजिनाविषयी विचारताच ते बाकावर सरसावून बसले. “इंजिन म्हंजे जितं जनावर होतं, शेटजी,” ते म्हणाले. “वेळेवर चारा-पानी नाई भेटलं त जागचं हालत नसे.”

त्यांच्या बोलण्यातून आणि आमच्या लहानपणच्या आठवणींतून इंजिनाचा एक दिवस माझ्यासमोर उभा राहिला. वाफेचे इंजिन कळ दाबून सुरू होत नाही. थंड इंजिनाला जाग आणण्यास तीन-चार तास लागतात. गाडी सकाळी सुटायची असेल तर शेडमधील माणसे मध्यरात्रीनंतरच उठत. आदल्या दिवसाची राख खालच्या पेटीतून ओढून काढायची, जाळीवर चिकटलेला कोळशाचा किट फोडायचा, भट्टीमागच्या नळ्यांतील काजळी झाडायची. त्यानंतर तेलात भिजवलेल्या चिंध्या आणि लाकडाचे तुकडे पेटवून त्यावर थोडा थोडा कोळसा घालायचा. पाणी तापेपर्यंत क्लीनरची मुले प्रत्येक सांध्यात तेल सोडत आणि लोखंड पुसून लखलखीत करत.

पाण्याची वाफ झाली की तिला मूळच्या सुमारे सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती जागा बॉयलरमध्ये तिला मिळत नाही, म्हणून तिचा दाब वाढतो. चालकाने रेग्युलेटरचा दांडा उचलला की ही कोंडलेली वाफ सिलिंडरात शिरते, दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्याची मागेपुढे होणारी चाल दांड्यांच्या द्वारे चाकांची फिरती चाल होते. काम झालेली वाफ धुराड्यातून वर फेकली जाते. तिच्या झोताबरोबर भट्टीतील धूर ओढला जातो आणि जाळीखालून नवी हवा निखाऱ्यांत शिरते. मुलांच्या तोंडी असलेली ‘झुकझुक’ ती हीच. चढ जितका कठीण तितका हा झोत जोराचा, आणि तितकी आग अधिक प्रखर. ओझे वाढले की इंजिन आपला श्वास आपणच वाढवून घेते. बैलाला तशी सोय निसर्गाने दिलेली नाही.

या सर्व काळात फायरमनचे डोळे पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर असत. बॉयलरमधील पाणी भट्टीच्या माथ्याखाली गेले तर तो लोखंडी माथा तापून फाटू शकतो. त्यासाठी माथ्यात शिशाचा बुच असतो. पाणी उतरले की शिसे वितळते आणि वाफ भट्टीत शिरून आग दडपते. “बुच वितळला म्हंजे नोकरीचा डाग,” असे ते वृद्ध म्हणाले. ही वेळ आपल्यावर कधी आली नाही, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

मूर्तिजापूर, दर्यापूर हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा. येथील भूगर्भातील पाणी खारट. असले पाणी बॉयलरला वैरी असते: आत क्षारांची पुटे चढतात, पाणी फेसाळते आणि वाफेबरोबर सिलिंडरात जाते. म्हणून इंजिनाला कोणते पाणी पाजायचे याची चिंता रेल्वेला नेहमीच करावी लागे, आणि ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून आतून धुवावा लागे. आमच्या आजीला पाणी गाळल्याशिवाय ओठांना लावायचे नाही, असा नियम होता. यात्रेत कोणीतरी इंजिनातून गरम पाणी आणून तिच्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “आजी, हे तर उकळलेले, प्रासुकच आहे.” आजीने तांब्याकडे पाहिले आणि म्हणाली, “उकळलेले खरे, पण गाळलेले कुठे आहे?” डब्यातील मंडळी हसली; ते पाणी पाय धुण्याच्या कामी आले.

उन्हाळ्यात विदर्भाचे ऊन आणि समोर उघडी भट्टी यांच्यामध्ये उभे राहून माणूस फावड्याने कोळसा फेकत असे. कोळसा नुसता ओतून चालत नाही. जाळीवर तो पातळ आणि सारखा पसरला पाहिजे. एका जागी ढीग झाला तर धूर काळा होतो आणि वाफ पडते. पुढून आग, पाठीवर झळ, डोळ्यांत कोळशाचे कण, आणि गाडीचा वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटर. आम्ही डब्यात बसून संथ गाडीची थट्टा करत असू. बैलाच्या मानेवरून उतरलेल्या ओझ्याचा काही भाग माणसाच्या खांद्यावर आला आहे, हे त्या वयात कोणाच्या ध्यानात आले नाही.

कारंजाची वाट

मूर्तिजापूरहून दक्षिणेकडे निघालेली गाडी कापूस, तूर आणि ज्वारीच्या शेतांतून कारंजाला येई. लाडांचे कारंजा हे दिगंबर परंपरेतील थोर पीठ. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे या एका गावात आहेत. येथे भट्टारकांच्या गाद्या होत्या. काष्ठासंघ मंदिरातील लाकडावरचे कोरीव काम पाहताना वेळेचे भान राहत नाही. आणि येथील शास्त्रभांडारांनी तर अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाच्या पोथ्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हीरालाल जैन यांनी त्यांतील अपभ्रंश काव्ये संपादित केली. पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आणि मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये छापून आले. आमचे इंजिन ज्या वर्षांत कारंजाहून कापसाच्या गाठी नेत होते, त्याच वर्षांत तेथील बासनांत बांधलेले हे धन जगापुढे येत होते.

येथेच १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंदजी, पुढचे समंतभद्र महाराज, यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. माझे चुलते तेथे शिकले. सुटी संपवून आश्रमात परतताना ते शकुंतलेतून उतरत. आश्रमाचा पांढरा सदरा स्टेशनपासून आश्रमापर्यंत पांढरा राखणे हीच दर सत्राची पहिली परीक्षा असे, असे ते सांगत. इंजिनाचा कोळसा खिडकीशी बसणाऱ्या कोणालाच सोडत नसे.

कारंजाहून पुढे दारव्हा-मोतीबाग आणि मग यवतमाळच्या पठाराकडे वाट चढू लागे. या बाजूला जाताना घरच्या बायका वेळापत्रकापेक्षा सूर्याकडे अधिक पाहत. गाडी यवतमाळला दिवेलागणीनंतर पोहोचेल असे दिसले की आधीच्या एखाद्या स्टेशनावर डबे उघडत. इंजिन पाणी पिई तेवढ्या वेळात आमचीही चौविहाराची तयारी होई. कितीदा तरी गार्डनेच विचारले असेल, “झालं का जेवण? मग दाखवतो झेंडी.” वेगवान गाडीत ही सवलत मिळत नाही.

कीर्दीतील दोन रकाने

आता त्या जुन्या देण्याविषयी. आजोबा अडतीचा धंदा करीत. त्यांच्या निधनानंतर माळ्यावरच्या पेटीत त्यांच्या कीर्दी सापडल्या. त्यांत हंगामाच्या शेवटी एक हिशेब नेमाने मांडलेला दिसतो. एका बाजूला ‘बंडीभाडे, पडले असते तर’, दुसऱ्या बाजूला ‘रेल्वेचा नूर, दिला तो’. दोहोंतील फरक खाली काढलेला. आणि पुढे त्यांच्या बारीक अक्षरांत: ‘बैलखाते, गोरक्षणास पोच’. रेल्वेमुळे जी बचत झाली, ती त्यांनी नफ्यात धरलीच नाही. बैलाचे ओझे उतरले म्हणून जे वाचले, ते बैलाचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

इंजिन निर्दोष आहे, असे मात्र आजोबांनी कधी मानले नाही. ते म्हणत, या एका यंत्राच्या पोटात षट्काय जीव भरडतात. खाणीतून काढलेला कोळसा पृथ्वीकाय, टाकीतले पाणी अप्काय, भट्टी तेजस्काय, झोत वायुकाय, पेटवणाची लाकडे वनस्पतिकाय, आणि रुळांवर येणारे किडेमुंग्या त्रसकाय. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आहे, गाड्या बनवण्याचे शकटकर्म आहे, त्या भाड्याने चालवण्याचे भाटककर्म आहे आणि यंत्रपीडनही आहे. कापसाचा व्यापारी यांतील किती गोष्टींपासून दूर राहू शकतो? वऱ्हाडातील आमच्या लोकांच्या घरोघरी जिनिंग-प्रेसिंगमध्ये भागीदारी होती. ‘शेटजी सकाळी जिनालयात, दुपारी जिनात’ अशी थट्टा गावात चालत असे, आणि ती पूर्णपणे खोटी नव्हती.

यावर आजोबांचे उत्तर शास्त्रातलेच होते. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करता येतो. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा त्याला सर्वथा टळत नाही. ती कमी करणे आणि तिचा हिशेब ठेवणे मात्र त्याच्या हाती असते. “टळत नाही म्हणून मोजायचीही नाही, हे कोणत्या शास्त्रात आहे?” असे ते विचारत. म्हणूनच गाडी दारात आल्यावरही त्यांनी दिग्व्रताची मर्यादा वाढवली नाही. पश्चिमेस मुंबई, पूर्वेस नागपूर, उत्तरेस मुक्तागिरी, दक्षिणेस यवतमाळ. सम्मेदशिखरजीची यात्रा तेवढी मोकळी. इंजिन पुढे नेण्यास तयार आहे म्हणून माणसाने गेलेच पाहिजे असे नाही, हा त्यांचा विचार तेव्हा मला जुनाट वाटे. पर्युषणात ते गाडीत पाऊल टाकत नसत. मुनिसंघ विहार करीत आला की रुळांना समांतर रस्त्याने त्यांच्याबरोबर चालत जात. शेजारून गाडी निघून जाई, आणि आजोबा तिच्याकडे पाहतही नसत.

वडिलांनी बैलखाते चालू ठेवले. मी ते बंद केले, हे येथे कबूल केले पाहिजे. वाफेचे इंजिन गेले, डिझेलचे आले. पण त्याआधीच आमचा माल ट्रकने जाऊ लागला होता. आता बंडीभाडे कशाशी ताडून पाहणार, बैल तरी कुठे राहिले, असा युक्तिवाद मी स्वतःशी केला आणि एका दिवाळीला नव्या वहीत तो रकाना मांडलाच नाही. कोणी विचारले नाही. बैल विचारीत नाहीत.

मुक्तागिरी

मूर्तिजापूरहून उत्तरेकडची वाट पूर्णा ओलांडून दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करीत अचलपूरला संपे. अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर. जैन परंपरेत एल राजा श्रीपालाच्या नावाशी जोडलेले नगर. तेथून परतवाडा आणि पुढे बैतूल रस्त्याने मुक्तागिरी. क्षेत्र मध्यप्रदेशाच्या हद्दीत असले तरी यात्रेकरूंचा ओघ वऱ्हाडातूनच अधिक. डोंगराच्या कुशीत बावन्न मंदिरे, मधोमध दरी आणि पावसाळ्यात तीत कोसळणारा धबधबा. येथून साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले, अशी आपली श्रद्धा आहे.

या पर्वताचे दुसरे नाव मेंढागिरी. येथे ध्यानस्थ बसलेल्या मुनिराजांसमोर वरून एक मेंढा कोसळला. त्यांनी त्या मरणाऱ्या जिवाच्या कानात णमोकार सांगितला आणि तो देवगतीला गेला, अशी कथा आहे. डोंगरात कोरलेल्या मेंढागिरीच्या मंदिरापुढे मी या वेळी बराच वेळ बसलो. दर यात्रेत आजोबा येथेच का थांबत आणि आम्हा मुलांना पुढे का पाठवत, हे मला सत्तरीत उमगले. मुनिराजांचा मेंढा दरडीवरून पडला होता. त्याला कोणी ओझे लादले नव्हते. आजोबांचा बैल आमच्या कापसाखाली बसला होता. णमोकार दोघांच्याही कानात पडला असेल, पण दोन्ही प्रसंगांचा हिशेब एक नाही. तो फरक मिटवण्यासाठी आजोबा एवढी वर्षे कीर्दीत दोन रकाने ओढत राहिले.

डोंगर उतरताना आमच्यापुढे दोन माणसे एका वृद्ध बाईंना डोलीतून खाली आणत होती. दोघांचे खांदे घामाने भिजले होते. दर पंधरा-वीस पायऱ्यांनी ती थांबत, आणि त्या बाई प्रत्येक वेळी हात जोडून म्हणत, “सावकाश, बाबांनो, मला घाई नाही.” मला आमच्या गोदामातील हमाल आठवले. कापसाचा व्यापार आम्ही केव्हाच सोडला. आता सोयाबीन आणि तूर. ट्रक लवकर सुटावा म्हणून गेल्या हंगामात आम्ही पोती अधिक भरली होती आणि हमालांनी मुकाट्याने पाठ वाकवली होती. बैल गेले म्हणून अतिभार गेला, हा माझा हिशेब चुकला होता. अतिभाराने फक्त पाठ बदलली होती.

परतीच्या वाटेवर

परतताना पुन्हा मूर्तिजापूरला आलो. अरुंद रुळांवर आता गाडी नाही. रुळांमध्ये गवत वाढले आहे, दोन्ही बाजूंनी बाभळी आत झुकल्या आहेत. हा मार्ग रुंद करून पुन्हा सुरू व्हावा, अशी या भागातील लोकांची मागणी आहे, आणि ती रास्त आहे. या वाटेवरच्या गरीब माणसाला शकुंतलेचे तिकीट परवडत होते. ते वृद्ध फायरमन आजही संध्याकाळी स्टेशनाकडे एक फेरी मारतात. मी निरोप घेताना विचारले, “डिझेल आले तेव्हा बरे वाटले असेल? फावडे सुटले.” ते थोडे थांबून म्हणाले, “पाठीले बरं वाटलं, शेटजी. मनाले नाई.”

त्यांना मी नमस्कार केला. एकाहत्तर वर्षे जे लोखंड आमच्या गाठी ओढत राहिले, त्याच्यापुढे हात जोडण्यास ते इंजिन तेथे नव्हते; त्याला रोज पहाटे जागे करणाऱ्यांपैकी एक माणूस समोर होता.

यंदा वीर निर्वाण संवताच्या पहिल्या दिवशी नव्या वहीचे पूजन झाल्यावर मी बैलखात्याचा रकाना पुन्हा मांडला. त्यात दर पोत्यामागे ठरावीक रक्कम पडते. निम्मी गोरक्षणाला जाते, निम्मी हमालांच्या औषधपाण्याला. पोते पन्नास किलोंच्या वर भरायचे नाही, असेही ठरले आहे. मुलाने हिशेब करून दाखवले की यामुळे ट्रक भरण्यास जवळजवळ तासभर अधिक लागतो. मी त्याला आजोबांची जुनी कीर्द काढून दाखवली. त्याने ती बराच वेळ चाळली, दोन रकान्यांवर बोट ठेवले आणि विचारले, “बाबा, मधली वर्षे कोरी का आहेत?”

त्या वर्षांचा हिशेब आम्ही दोघे मिळून आता काढतो आहोत.